चीनच्या गाड्यांवरचं खाणं घरच्या तव्यावर

चायनीज म्हटलं की आपल्याकडे शेजवान राइस, मंचुरियन आणि लालभडक चटणी आठवते. ते खाणं इथंच जन्मलं, इथंच वाढलं, आणि त्याच्या पाककृतींना तोटा नाही. हा लेख त्याबद्दल नाही. तिआंजिन, बीजिंग, शिआन, उरुम्ची अशा उत्तरेकडच्या आणि वायव्येकडच्या शहरांत सकाळी कामावर जाताना किंवा रात्री घरी परतताना लोक गाडीवर जे खातात, ते आपल्या स्वयंपाकघरात कसं करायचं, एवढंच इथे सांगायचं आहे.

उत्तर चीन हा गहू, मूग, राळे आणि तीळ यांचा मुलूख आहे. तिथल्या गाडीवर भातापेक्षा पोळी जास्त दिसते आणि वायव्येकडे गेलात की जिऱ्याचा वास येतो. म्हणजे निम्मं सामान आपल्या डब्यांत आधीपासूनच आहे. चुकतं ते प्रमाणात आणि आचेत. बाटलीतल्या सॉसवर भिस्त ठेवणाऱ्यांचं तर हमखास चुकतं.

मापं: मोठा चमचा म्हणजे १५ मिली, लहान चमचा म्हणजे ५ मिली. पिठं ग्रॅममध्ये दिली आहेत. दोनतीनशे रुपयांचा वजनकाटा घ्या, कारण वाटीत पीठ दाबून भरलं की सैल भरलं यावर वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि पातळ पिठाला तेवढा फरक पुरतो.

आधी तेल आणि सॉस

सोया सॉस दोन प्रकारचा लागतो. पातळ, म्हणजे शंगछोउ, खारटपणा आणि चव देतो. दाट, म्हणजे लाओछोउ, मुख्यतः रंग देतो. बाटलीवरचं ‘लाइट’ म्हणजे मीठ कमी असं नव्हे, उलट पातळ सोया सहसा जास्त खारट असतो. विकत घेताना घटकांची यादी वाचा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी असं दिसलं तर घ्या. हायड्रोलाइज्ड प्रोटीन आणि कॅरॅमल रंग यांवरच भागवलेलं असेल तर तशी बाटली रंगापुरती ठेवा. एकच बाटली घ्यायची झाली तर पातळ सोया घ्या.

तिळाच्या तेलाबाबत बहुतेकांची फसगत होते. आपल्याकडचं घाण्याचं तिळाचं तेल न भाजलेल्या तिळांचं असतं, त्याला तो खमंग वास नसतो. चिनी तेल भाजलेल्या तिळांचं, रंगाने गडद. ते मिळालं नाही तर कामचलाऊ करता येतं. ५० ग्रॅम पांढरे तीळ मंद आचेवर आठ-दहा मिनिटं सतत हलवत भाजा, चिक्कीसाठी भाजतो त्याच्या एक पायरी पुढे, छान बदामी होईपर्यंत. त्यापुढे गेले तर कडू होतात. खलबत्त्यात जाडसर कुटा, १०० मिली गरम पण न धुरावलेलं तेल ओता, झाकून रात्रभर ठेवा आणि फडक्यातून गाळा. हे तेल तळायला वापरायचं नसतं. पदार्थ उतरवल्यावर थेंबभर, वासासाठी.

गोडसर सॉस: थ्येनम्येनज्यांग हा गव्हाचं पीठ आंबवून केलेला दाट, काळपट सॉस. मोठ्या शहरांतल्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतो. त्याऐवजी होईसिन सॉस चालतो, फक्त तो जास्त गोड असतो, म्हणून दोन मोठ्या चमच्यांना एक लहान चमचा पातळ सोया मिसळा. दोन्ही नसेल तर १ मोठा चमचा मैदा कोरडाच दोन मिनिटं परता, गार करा, १०० मिली पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. त्यात २ मोठे चमचे पातळ सोया, दीड मोठा चमचा किसलेला गूळ आणि अर्धा लहान चमचा दाट सोया घालून मध्यम आचेवर ढवळत तीन-चार मिनिटं शिजवा. उतरवून १ लहान चमचा तिळाचं तेल घाला. गार झाल्यावर आणखी घट्ट होतो, म्हणून कढीपेक्षा थोडा दाट असतानाच गॅस बंद करा. आंबवलेल्या सॉसचा खोलपणा याला येत नाही, पण पुढे दिलेल्या ज्येनबिंगमध्ये, म्हणजे मुगाच्या धिरड्यात, फारसं अडत नाही.

मिरचीचं तेल: हे शेन्शी प्रांताचं आणि आपल्या फोडणीचं नातेवाईक. ३० ग्रॅम जाडसर कुटलेली ब्याडगी, १ मोठा चमचा तीळ आणि अर्धा लहान चमचा मीठ उष्णता सोसणाऱ्या कोरड्या भांड्यात घ्या आणि १ मोठा चमचा थंड तेलाने ओलसर करा. कोरडी पूड गरम तेल पडताच जळते, ओलसर असली तर थोडा वेळ मिळतो. कढईत १५० मिली तेल, एक चक्रीफूल, दालचिनीचा बोटभर तुकडा, आल्याच्या तीन चकत्या आणि पातीच्या कांद्याचा पांढरा भाग घालून कांदा तांबूस होईपर्यंत मंद आचेवर ठेवा. सगळं गाळून काढा. आता तेल तापवा आणि एक कण मिरची टाकून पाहा. फेस येऊन लाल राहिली तर तयार, लगेच काळी पडली तर दोन मिनिटं थांबा. तेल तीन हप्त्यांत ओता, प्रत्येक हप्त्यानंतर ढवळा आणि अर्धा मिनिट थांबा. पहिला हप्ता सगळ्यात गरम असतो, तो वास उठवतो. पुढचे दोन किंचित निवलेले असतात, ते रंग काढतात. सगळं एकदम ओतलं तर एकतर मिरची जळते किंवा कच्ची राहते. दुसऱ्या दिवशी हे तेल जास्त चांगलं लागतं.

ज्येनबिंग

तिआंजिनचा हा सकाळचा नाश्ता. मोठ्या गोल तव्यावर मुगाचं पातळ पीठ पसरायचं, वर अंडं फोडायचं, पात पेरायची, उलटून सॉस लावायचा, आत तळलेलं काहीतरी कुरकुरीत ठेवून घडी घालायची. तिआंजिनमध्ये आत योउथ्याओ ही तळलेली पिठाची कांडी ठेवतात किंवा कुरकुरीत तळलेली पातळ चौकोनी पापडी, आणि गिऱ्हाईक घरून स्वतःचं अंडं घेऊन येतं हेही तिथे नेहमीचंच. बीजिंगमध्ये पापडीच जास्त. शान्डोंगचं ज्येनबिंग वेगळं: राळे, मका, ज्वारी यांचं कागदासारखं कोरडं, थप्पी लावून साठवायचं. आपण तिआंजिनची पद्धत घेऊ, कारण मूग आपल्या ओळखीचा आहे आणि धिरडी घालणारा हात निम्मं काम आधीच शिकलेला असतो.

चार ज्येनबिंगचं पीठ: मूगडाळीचं बारीक पीठ १०० ग्रॅम, मैदा ४० ग्रॅम, मीठ पाऊण लहान चमचा, पाणी २६० ते २८० मिली. मैद्यातले २० ग्रॅम कमी करून राळ्याचं पीठ घातलंत तर कडा जास्त कुरकुरीत होतात. मुगात ग्लुटेन नसल्याने नुसत्या मुगाचं पातळ धिरडं घडी घालताना मोडतं. मैदा ते धरून ठेवतो. म्हणून पहिल्या वेळी मैदा कमी करू नका. हात बसला की २० ग्रॅमपर्यंत उतरा, चव सुधारेल.

पिठाबद्दल एक इशारा. लाडवासाठी मिळणारं भाजक्या मुगाचं पीठ इथे चालत नाही, ते बांधून येत नाही आणि तव्यावर भुगा होतो. साधं पीठ रवाळ असेल तर चाळून घ्या. किंवा १०० ग्रॅम हिरवे मूग सहा तास भिजवा, निथळून १५० मिली पाण्यात अगदी बारीक वाटा, गाळा, मग मैदा, मीठ आणि लागेल तसं पाणी घाला. चव याची जास्त चांगली येते, पण पाण्याचा अंदाज दरवेळी नव्याने घ्यावा लागतो.

पीठ अर्धा तास तरी झाकून ठेवा, म्हणजे कण पाणी पितात. त्यानंतर ते नक्की दाटलेलं दिसेल. डाव बुडवून वर काढा आणि पाठीवरून बोट ओढा: रेघ दोन क्षण राहून भरून आली पाहिजे. राहिलीच तर दोन चमचे पाणी घाला. मूग तळाशी बसतो, म्हणून प्रत्येक वेळी पीठ घेताना तळापासून ढवळा. पहिलं ज्येनबिंग पातळ आणि शेवटचं जाड येतं ते यामुळेच.

पापडी: मैदा १०० ग्रॅम, मीठ पाव लहान चमचा, तेल १ लहान चमचा आणि साधारण ४५ मिली पाणी घालून घट्ट पीठ मळा, वीस मिनिटं झाका. एक मिलीमीटरपेक्षा पातळ लाटा, ८ बाय १२ सेंटिमीटरचे तुकडे कापा, प्रत्येकाच्या मध्ये सुरीने दोन उभ्या चिरा द्या. पुरी फुगावी म्हणून आपण जिवाचा आटापिटा करतो, इथे ती फुगू नये म्हणून चिरा. १७० ते १८० अंशांवर, म्हणजे पिठाची गोळी टाकताच लगेच वर येते अशा तेलात, उलटसुलट करून सोनेरी तळा. दोन-तीन दिवस हवाबंद डब्यात टिकतात. वेळ नसेल तर खाऱ्या शंकरपाळ्यांचं पीठ अशाच आकारात तळलं तरी चालेल. उडदाचा पापड मात्र नको, त्यातला हिंग आणि मिरी बाकी सगळ्यावर मात करतात.

वर पेरायला कांद्याच्या पातीचा हिरवा भाग, कोथिंबीर आणि काळे तीळ. अंडी चार.

तवा २६ ते २८ सेंटिमीटरचा, सपाट. शिकताना नॉनस्टिक घ्या. बिडाचा तवा पुढे उत्तम, पण तो मुरलेला नसेल तर पहिली तीन ज्येनबिंग तव्यालाच वाहावी लागतात. चीनमधले गाडीवाले इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या लाकडी फिरकीने पीठ पसरतात. घरी बारा-पंधरा सेंटिमीटर सरळ कडेचं लाकडी किंवा सिलिकॉनचं उलथनं पुरतं. वाटीच्या बुडाने पसरलं तर घावनासारखी वळं उठतात. ती खायला वाईट नसतात, पण घडी तिथेच फाटते.

आता क्रम:

१. तवा मध्यम आचेवर तीन मिनिटं तापवा. पाण्याचा शिपका मारा. पाणी चर्र करून दोन-तीन सेकंदांत उडालं तर ठीक. थेंब गोळ्या होऊन नाचू लागले तर तवा फार तापला आहे, ओल्या फडक्याने पुसा. तेलाचा नुसता हात फिरवा. तेल जास्त झालं तर पीठ घसरतं, पसरत नाही.

२. आच मंद करा. ९० मिली पीठ मधोमध ओता, उलथन्याची कड पिठावर अलगद टेकवा, तव्याला दाबू नका, आणि एकाच दिशेने मनगट फिरवत बाहेर न्या. पाच-सहा सेकंदांत पसरणं संपलं पाहिजे. राहिलेली भोकं उलथन्याला लागलेल्या पिठाने बुजवा.

३. आच मध्यम करा. चाळीस-पन्नास सेकंदांत वरचा ओला चकचकीतपणा जाईल. तेव्हाच अंडं फोडा, पिवळं मोडा आणि कडेपर्यंत पसरा. लगेच पात, कोथिंबीर आणि तीळ पेरा. अंडं ओलं असतानाच ते चिकटतात.

४. अंडं अर्धवट घट्ट झालं, साधारण अर्ध्या मिनिटात, की कडा सोडवा आणि उलटा. अंड्याची बाजू तव्याकडे गेली. वीस सेकंद पुरे.

५. वर आलेल्या बाजूवर १ मोठा चमचा गोडसर सॉस आणि आवडेल तेवढं मिरचीचं तेल मधल्या भागात लावा. कडेचा दोन बोटं भाग कोरडा ठेवा. पापडी मधोमध ठेवा, दोन बाजू आत घ्या, मग वरून-खालून घडी घाला. मधोमध कापून लगेच खा.

तिआंजिनमध्ये सॉसबरोबर लाल आंबवलेलं टोफू, फूरु, पाण्यात कालवून लावतात. मिळालं तर एक वडी एक मोठा चमचा पाण्यात कालवा, चौघांना पुरते. चव खारट आणि जुन्या चीजच्या जवळची असते. सगळ्यांना पहिल्या घासाला रुचेल असं नाही.

काय बिघडतं? पीठ उलथन्याबरोबर गोळा होऊन येत असेल तर तवा फार गरम आहे किंवा हात जड आहे, बहुतेक वेळा तवाच. सगळीकडे बारीक भोकं पडली तरी कारण तेच. उलटताना फाटलं तर उलटण्याची घाई झाली: कडा स्वतःहून थोड्या सुटल्याशिवाय हात लावू नका. घडी घालताना तडकलं तर तव्यावर जास्त वेळ राहून ते वाळलं आहे, पुढच्या वेळी शेवटचे वीस सेकंद दहावर आणा. पापडी मऊ पडली तर सॉस पातळ होता किंवा खाणाऱ्याने उशीर केला. डब्यात द्यायचा हा पदार्थ नाही, पाच मिनिटांत त्याचा जीव जातो.

अंडं नको असणाऱ्यांनी मैदा ७० ग्रॅम आणि मुगाचं पीठ ७० ग्रॅम घ्यावं आणि पात पीठ ओलं असतानाच पेरून हलकेच दाबावी. अंड्याने येणारा मऊपणा येत नाही, तरी उलटल्यावर अर्धा चमचा तेल कडेने सोडलं तर बरंच साधतं.

पातीची पोळी

त्सोंगयोउबिंग. बाहेरून खरपूस, आत पदर. लच्छा पराठा करणाऱ्याला गुंडाळी ओळखीची वाटेल, पण पीठ वेगळं आहे आणि फरक सगळा तिथेच पडतो: ते उकळत्या पाण्यात भिजवतात. तांदळाच्या पिठाची उकड काढताना जे घडतं तेच इथे मैद्याच्या बाबतीत. पिठातला स्टार्च शिजून जास्त पाणी धरतो, ग्लुटेनचा ताण कमी होतो, म्हणून पोळी गार झाली तरी चामट होत नाही.

मैदा ३०० ग्रॅम आणि मीठ अर्धा लहान चमचा परातीत घ्या. १५० मिली उकळतं पाणी धार धरून ओता आणि चॉपस्टिकने किंवा काट्याने ढवळा. उकळतं म्हणजे उकळतं. किटलीत पाच मिनिटं थांबलेलं पाणी नव्हे. पिठाचे तुकडे तुकडे दिसू लागले की ४० ते ५० मिली थंड पाणी थोडं थोडं घालून मळा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि किंचित चिकट हवं. झाकून चाळीस मिनिटं ठेवा. निम्मा मैदा आणि निम्मी कणीक घेतलीत तर २० मिली पाणी जास्त लागेल. पदर थोडे कमी सुटतात, चव मात्र चांगली येते.

पदर सुटण्यासाठी तेलाचा साटा: वाटीत ३ मोठे चमचे मैदा, अर्धा लहान चमचा मीठ आणि पाव चमचा मिरपूड घ्या, त्यावर ३ मोठे चमचे कडकडीत तेल ओता, कालवा. नुसतं तेल लावलं तर लाटताना बाहेर पळतं, साटा जागेवर राहतो. खाजं किंवा चिरोटे करणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

पात दीड वाटी, बारीक चिरलेली, फक्त हिरवा भाग. चिरण्याआधी धुऊन पूर्ण कोरडी करा. पातीला मीठ लावू नका, पाणी सुटतं आणि पोळी लाटताना फाटते. मीठ साट्यात आहे तेवढं पुरे.

पिठाचे चार गोळे करा. एक गोळा तेलाच्या हाताने शक्य तितका पातळ लाटा, साटा फासा, पात पेरा, चटईसारखी घट्ट गुंडाळी करा, ती हलके ओढून लांबवा आणि चकलीसारखी गोल वळून टोक खाली दाबा. आता पंधरा मिनिटं विश्रांती. ही वगळली तर पोळी लाटताना आखडते, तुम्ही जोर लावता आणि जोराने पदर एकमेकांत दाबले जातात. नंतर हलक्या हाताने १८ सेंटिमीटरपर्यंत लाटा, थोडी पात बाहेर आली तर येऊ द्या.

तव्यात दोन मोठे चमचे तेल, मध्यम आच. पोळी टाकून झाकण ठेवा, तीन मिनिटं. उलटा, परत झाकण, दोन मिनिटं. मग झाकण काढून दोन्ही बाजू एकेक मिनिट खरपूस करा. झाकणामुळे आतलं पीठ शिजतं आणि शेवटची उघडी आच कुरकुरीतपणा आणते. उतरवून कडेने आत ढकलत दोन्ही हातांनी झटका, पदर मोकळे होतात. तेल वाचवायला गेलात तर पोळी भाजली जाईल आणि कोरडी लागेल. हा डाएटचा पदार्थ नाही.

बरोबर बुडवायला: २ मोठे चमचे पातळ सोया, १ मोठा चमचा व्हिनेगर, १ लहान चमचा मिरचीचं तेल, चिमूटभर साखर. चीनमध्ये काळं व्हिनेगर वापरतात. आपल्याकडचं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर तिखट झणका देतं, म्हणून ते निम्मंच घ्या आणि तेवढं पाणी घाला.

गुंडाळ्या वळून, लाटून, मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात. तव्यावर टाकताना विरघळवू नका, थेट गोठलेलीच टाका आणि झाकणाखालचा वेळ दोन्ही बाजूंना एकेक मिनिट वाढवा.

चहातली अंडी

रेल्वे स्टेशनावर, कोपऱ्यावरच्या दुकानात, भाताच्या कुकरमध्ये काळ्या पाण्यात मंद उकळत असलेली अंडी: छायेदान. करायला सगळ्यात सोपी, बिघडायला फक्त दोन जागा.

आठ अंडी उकळत्या पाण्यात आठ मिनिटं उकडा, थंड पाण्यात काढा. कवच न सोलता चमच्याच्या पाठीने सगळीकडून ठोका, जाळी पडेपर्यंत. तडे उथळ राहिले तर रंग शिरत नाही. कवच निखळलं तर नक्षीऐवजी डाग पडतो. पातेल्यात ७५० मिली पाणी, ३ मोठे चमचे पातळ सोया, १ मोठा चमचा दाट सोया, १ लहान चमचा साखर, १ लहान चमचा मीठ, एक चक्रीफूल, दालचिनीचा तुकडा, एक तमालपत्र आणि २ मोठे चमचे लांब पानांचा काळा चहा. दुकानातली नेहमीची दाणेदार चहापत्ती फार कडक आणि कडू उतरते. तीच वापरायची तर १ मोठा चमचा फडक्यात बांधून घाला आणि पंधरा मिनिटांनी पुरचुंडी काढा.

याच मसाल्यात ह्वाज्याओ घालतात, जिभेला मुंग्या आणणारं. ते न मिळाल्यास कोकण-गोव्याचं तिरफळ घ्या. दोन्ही एकाच कुळातली झाडं. बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालताना जी काळजी घेता तीच इथे: आतली काळी बी काढून टाका आणि फक्त फळाची टरफलं घ्या, तीही तीन-चारच. तिरफळ ह्वाज्याओपेक्षा उग्र आहे.

अंडी बुडतील एवढं पाणी ठेवून अगदी मंद आचेवर चाळीस मिनिटं शिजवा. मग गार करून त्याच पाण्यासकट फ्रिजमध्ये रात्रभर. बाहेर ओट्यावर ठेवू नका, तडकलेल्या कवचाचं अंडं आपल्या उन्हाळ्यात रात्रीत खराब होऊ शकतं. फ्रिजमध्ये तीन दिवस चांगली राहतात. चाळीस मिनिटांच्या उकळीने पांढरं घट्ट होतं, हे खरं. चीनमध्ये तसंच आवडतं. मऊ हवं असेल तर सुरुवातीला सहाच मिनिटं उकडा, थंड करून कवच हलक्या हाताने तडकवा, मसाल्याचं पाणी वेगळं उकळून पूर्ण गार करा आणि अंडी त्यात फ्रिजमध्ये दिवसभर ठेवा.

जिऱ्याचं मटण, काडीवर

यांगरोउछ्वान हा शिन्च्यांगच्या उइगुर लोकांचा पदार्थ, आता चीनभर रात्रीच्या बाजारांत मिळतो. मसाला जिरं, मिरची, मीठ, एवढाच. आलं-लसूण पेस्ट, दही, गरम मसाला घातलात की त्याचा आपला कबाब होतो.

तिथे मेंढीचं मांस आणि शेपटीची चरबी वापरतात. आपल्याकडे मेंढीचं मिळालं तर तेच घ्या. बोकडाचं घेतलंत तर मांडीचं, बिनहाडाचं ५०० ग्रॅम आणि वेगळी १०० ग्रॅम चरबी मागून घ्या. मांसाचे दोन सेंटिमीटरचे तुकडे करा, चरबीचे त्याहून लहान. एक मोठा कांदा चिरून १ लहान चमचा मीठ लावून हाताने चुरा, रस सुटला की सगळं मांसाला चोळा आणि तासभर ठेवा. बोकडाचं मांस घट्ट असतं, त्याला १ लहान चमचा कच्च्या पपईचा कीस लावता येतो, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, बाहेरून भुसभुशीत होतं.

जिरं २ मोठे चमचे, कोरडंच अर्धा मिनिट गरम करून जाडसर कुटा. पूड नको, दाताखाली तुकडा यायला हवा. ब्याडगीची जाडसर पूड १ मोठा चमचा.

कांद्याचे तुकडे झटकून टाका, ते जळून कडू लागतात. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवलेल्या हव्यात. दोन तुकडे मांस, एक चरबी, परत दोन मांस, असं ओवा, तुकडे एकमेकांना टेकतील पण आवळले जाणार नाहीत. कोळसा असेल तर ज्वाळ विझून वर राख धरलेल्या निखाऱ्यांवर. घरी बिडाच्या तव्यावर, कडक आचेवर, एका वेळी चार-पाचच काड्या. जास्त ठेवल्या तर तवा थंड होतो, मांसाला पाणी सुटतं आणि ते भाजलं जाण्याऐवजी उकडतं. एकेक बाजू दीड-दोन मिनिटं. चरबी पारदर्शक होऊन कडा लाल झाल्या की मगच जिरं आणि मिरची दोन्ही बाजूंनी भुरभुरवा आणि आणखी अर्धा-पाऊण मिनिट भाजा. मसाला सुरुवातीलाच लावला तर मांस शिजेपर्यंत जिरं काळं पडतं. मीठ चाखून शेवटी, आणि काड्या हातात देताना खिडक्या उघड्या ठेवा: मिरचीचा ठसका पाहुण्यांच्या आधी पोचतो.